बॉयलरच्या नावच्या सहा थप्प्या

मित्रांनो, माझ्या पोटात लाकूड जाते आणि घरात ऊब येते. गेली चोवीस वर्षे मी हे एकच काम करत आलो आहे. एगरांच्या कोठारामागच्या खोलीत उभा असलेला, लाकडाच्या ढलप्यांवर चालणारा बॉयलर, तो मी. वयाने जुना, रंगाने एके काळी लाल, आवाजाने थोडा घोगरा. माझ्या शेजारच्या कोठीत ढलप्यांचा ढीग असतो. कोठीच्या तळाशी एक लोखंडी हात गोल फिरत राहतो आणि ढलप्या मळसूत्राच्या तोंडाशी लोटतो. मळसूत्र त्या माझ्या पोटात आणून टाकते. मी पाणी तापवतो, ते जमिनीखालच्या पाइपातून घरी जाते आणि थंड होऊन माझ्याकडे परत येते.

घरात काय चालले आहे ते मला या परतीच्या पाण्यावरून कळते. फार गार आले, तर समजावे की कोणीतरी खिडकी उघडी टाकून गप्पा मारत बसले आहे. शिवाय राख काढायला येणारा प्रत्येक माणूस माझ्याशी बोलतो. का बोलतो ते मला ठाऊक नाही. बहुधा मी मध्ये तोंड घालत नाही म्हणून असेल.

माझा जन्म म्यूर नदीच्या काठच्या एका लहान कारखान्यात झाला. तिथे वेल्डिंग करणारी एक आडदांड बाई होती. प्रत्येक सांधा झाला की ती त्याच्यावर हातोडीने हलकेच ठोकून कान द्यायची आणि म्हणायची, "हा टिकेल." मला एकशे चौदा सांधे आहेत. म्हणजे एकशे चौदा आशीर्वाद घेऊन मी जगात आलो. माझ्या पोटाला आतून विटा लावल्या, छातीत नळ्या बसवल्या, आणि एका मे महिन्यात ट्रकवर घालून मला डोंगरातल्या या शेतावर पाठवून दिले.

मी दारातून आत मावेना. कोठाराची भिंत फोडावी लागली. सगळे खोरे बघायला जमले होते. त्यात तोंडात चिलीम धरून एक उंच म्हातारा उभा होता. माझ्याकडे त्याने खालपासून वरपर्यंत पाहिले आणि विचारले, "एवढं मोठं? घर गरम करायचंय का आख्खा डोंगर?"

लोक हसले. हा काश्पर, या घराचा जुना धनी. आमच्या खोऱ्यात माणसाला आडनावापेक्षा घराचे नाव जास्त चिकटते. या घरात जो राहील तो एगर आणि त्याची बायको एगरीण. काश्परने घर आणि जमीन आपल्या मुलाच्या, गिडीच्या, हवाली केली होती. त्यामुळे गिडी हा एगर झाला होता, त्याची बायको रोस्विथा ही एगरीण, आणि काश्पर नुसता एगरबाबा.

आमच्याकडे म्हातारा शेतकरी बाजूला होतो तो रिकाम्या हाताने नाही. तो अंगणापलीकडच्या लहान घरात राहायला जातो आणि जन्मभर आपल्याला काय काय मिळाले पाहिजे ते कागदावर लिहून घेतो. काश्परच्या कागदावर रोजचे दूध होते, अंडी होती, वर्षाकाठी एक डुकराची मांडी होती, बटाट्याच्या चार ओळी होत्या. आणि दर वर्षी बीच नावाच्या झाडाच्या चिरलेल्या लाकडाच्या सहा थप्प्या, कोठाराच्या दक्षिण भिंतीशी रचून. यात रागरुसवा काही नसतो. लिहिलेले असते म्हणूनच तर भांडण होत नाही.

त्या थप्प्या काश्परचा जीव की प्राण होत्या. गिडी लाकूड चिरून आणून टाकी, पण रचायचे काम काश्पर कोणाला करू देत नसे. सालीची बाजू वर, जाड टोके आलटून पालटून, आणि पुढचा भाग ओळंबा लावल्यासारखा सरळ. पूर्वी मुलीचे वडील स्थळ बघायला आले की आधी मुलाच्या घरची थप्पी बघत, मग मुलगा. काश्परला त्याच्या काळी या एकाच गोष्टीवर बायको मिळाली, असे तो स्वतःच सांगायचा. वर्षाला सहा थप्प्या यायच्या, तो जाळायचा जेमतेम चार. उरलेले लाकूड मागच्या ओळीत जायचे. अशा ओळींमागे ओळी साठून दक्षिणेची भिंत दिसेनाशी झाली होती.

पहिली काही वर्षे माझे फार कौतुक झाले. शेजारपाजारचे लोक येऊन माझे दार उघडून ज्योत बघत. रोस्विथा त्यांना सांगायची, "सकाळी उठून चूल पेटवायची नाही, राखेने हात काळे नाहीत. आठवड्यातून एकदा डबा रिकामा केला की झालं." मी ऐकत असे आणि ऐटीत गुरगुरत असे. खोटे कशाला सांगू, मला थोडी शिंगे फुटली होती.

एकच माणूस मला दाद देत नव्हता. मला बसवले तेव्हा गिडीने पाइपाची एक फांदी काश्परच्या लहान घरापर्यंतही नेली होती. भिंतीत भोक पाडून आतमध्ये गरम पाण्याने खोली तापवणारी लोखंडी पट्टीसुद्धा लावून ठेवली होती. फक्त बाहेर खिडकीखाली दोन तोंडे जोडायची बाकी होती. पण काश्पर जोडू देईना. त्याने त्या झाकलेल्या तोंडांवर एक सपाट दगड ठेवला. उन्हाळ्यात त्या दगडावर जिरेनियमची कुंडी असे आणि हिवाळ्यात पाखरांच्या दाण्यांची पेटी.

"बाबा, गरम पाणी दाराशी येऊन उभं आहे," रोस्विथा म्हणायची. "नुसतं आत घ्यायचंय."

"कागदावर लाकूड लिहिलंय, पोरी. पाणी कुठं लिहिलंय?"

"मग कागद बदलू."

"कागद बदलायला मी काय मेलोय?"

गिडी मुळात बोलणारा माणूस नव्हे. दिवसभर जंगलात करवत चालवून आला की घरात एक शब्द बोलायलाही त्याच्या जिवावर येई. तो म्हणायचा, "राहू दे. बाप तो बापच." आणि काश्पर आपल्या लोखंडी शेगडीत स्वतःच्या हाताने स्वतःचे लाकूड घालत राही.

वर्षातून एकदा मात्र रोस्विथाला त्याच्याकडे विस्तवासाठी जावे लागे. जानेवारीच्या पाचव्या दिवशी, अंधारून यायच्या आत, आमच्याकडे निखाऱ्यांवर ऊद टाकून तो धूर घरभर, गोठ्यात आणि कोठारात फिरवतात. घरातली चूल तर माझ्यामुळे गेलेली. मग निखारे आणायचे कुठून? रोस्विथा लोखंडी तवा घेऊन सासऱ्याच्या दारात उभी राही. तो शेगडीतले लालभडक निखारे तव्यात काढून देताना दर वर्षी न चुकता विचारायचा, "काय गं, तुझा तो मोठा जावई निखारे देत नाही वाटतं?"

मला ते झोंबायचे. माझ्या पोटात वीतभर निखारे असत, पण माझ्याकडे मागायचे कोणाला सुचत नव्हते.

चौथ्या हिवाळ्यात काश्पर पडला. थप्पीपासून दारापर्यंत वीस पावले, पण मधे बर्फाचा गुळगुळीत थर होता आणि हातात लाकडाची टोपली. मनगट मोडले. कोणाच्या लक्षात येईपर्यंत तो तसाच आडवा पडून होता. प्लास्टर घालून आल्यावर दुसऱ्याच दिवशी एका हाताने टोपली ओढत निघाला. तेव्हा तो पंचाहत्तरीचा होता.

त्या दिवशी रोस्विथा माझी राख काढायला आली आणि डबा तसाच ठेवून उलट्या बादलीवर बसली. "एक दिवस सकाळी मी गोठ्यात जायला निघेन," ती मला म्हणाली, "आणि हा माणूस मला त्या थप्पीपाशी गार होऊन पडलेला सापडेल. मग लोक म्हणतील, एगरीण आत उबेला बसली होती. लोकांचं जाऊ दे. माझं मला काय वाटेल?"

तिला रडू आले. मी जळत होतो, पण त्या अंगणापलीकडच्या चार पावलांच्या खोलीत माझा काही उपयोग नव्हता. मित्रांनो, उपयोगी पडता येत असूनही कोणी पडू दिले नाही, तर ते यंत्राच्यासुद्धा मनाला लागते.

आता माझ्या खाण्याविषयी थोडे सांगतो, म्हणजे पुढचे नीट समजेल. झाड पाडले की ते निदान एक उन्हाळा उन्हावाऱ्यात पडून राहिले पाहिजे. मग त्याच्या ढलप्या करायच्या. ओल्या लाकडाच्या ढलप्या मला घातल्या तर माझी निम्मी ताकद त्यातले पाणी उकळण्यातच जाते. काश्पर लाकडाची परीक्षा साधी करायचा. दोन तुकडे एकमेकांवर आपटायचे. टण्ण वाजले तर वाळले. नुसते ठप झाले तर तो तुकडा बाजूला टाकून म्हणायचा, "अजून झाडच आहे."

ढलप्या पाडण्याचे यंत्र खोऱ्यातल्या नऊ घरांनी मिळून घेतले आहे. ते ट्रॅक्टरला जोडून पाळीपाळीने घरोघर फिरते. ज्याची पाळी चुकली त्याने सगळ्यांचे झाल्यावर मार्चमध्ये बघायचे. आमची पाळी ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात येते.

माझे आठवे वर्ष होते. आधीचा हिवाळा लांबला होता, त्यामुळे जुन्या ढलप्या मे महिन्यातच संपल्या. गिडीने वसंतात पाडलेले ओंडके वर जंगलात वाळत पडले होते. आणि ऑगस्टमध्ये वादळ झाले. एका दुपारी वरच्या उतारावरची स्प्रूसची चाळीसेक झाडे आडवी झाली, आणि वाळलेल्या ओंडक्यांकडे जाणारी वाट त्यांच्याखाली बंद झाली. पडलेले झाड तसेच ठेवले तर सालीत किडा शिरतो आणि उभ्या जंगलाला लागतो. म्हणून गिडी महिनाभर ती ओली झाडेच खाली ओढत राहिला. वाट मोकळी व्हायच्या आत पाळीचा दिवस उजाडला आणि यंत्र दारात आले.

काश्पर काठी टेकत आला. त्याने दोन तुकडे उचलून आपटले. ठप.

"अजून झाडच आहे," तो म्हणाला.

"ठाऊक आहे बाबा. पण पाळी आज आहे. वाळलेल्यापर्यंत पोचायला अजून दोन आठवडे लागतील आणि तोवर यंत्र लेनरच्या घरी गेलेलं असेल."

"पाळीसाठी लाकूड वाळत नसतं."

"आपला बॉयलर काहीही खातो. दगड घातला तरी पचवेल."

काश्परने तुकडे खाली टाकले आणि तो परत गेला. खरे सांगतो, गिडीचे ते शेवटचे बोलणे ऐकून माझी छाती फुगली. दगड पचवेल, म्हणे. त्या क्षणी मला तोंड असते, तर मीही होच म्हटले असते. त्यामुळे पुढे जे झाले त्यात निम्मी चूक माझ्या घमेंडीचीही धरा.

नोव्हेंबरात कोठीतला ढीग शेणखताच्या उकिरड्यासारखा आपोआप तापू लागला. त्यातून वाफा निघत, आणि वरच्या थराला पांढरी बुरशी धरली. मी खात होतो, पण अंगी लागत नव्हते. नळ्यांमध्ये चिकट काळे डांबर साचले. माझा धूर वर जायचा सोडून पिवळट होऊन अंगणातच लोळू लागला. वाळत घातलेल्या चादरींना त्याचा वास येई. डिसेंबरात गिडी रोज माझ्यापाशी येऊन आकडे बघे आणि मान हलवे. मग जानेवारीत कडाका पडला. पारा शून्याखाली अठरावर गेला, कोठीच्या कडेच्या ओल्या ढलप्या गोठून त्यांची ढेकळे झाली आणि एका ढेकळाने मळसूत्रच अडवले.

त्याच आठवड्यात सेव्हरिन आला. हा आमच्या खोऱ्यातली धुराडी साफ करणारा. अंगावर काळे कपडे, त्यावर सोनेरी बटणे. नव्या वर्षात त्याचे बटण फिरवले की वर्ष चांगले जाते म्हणून लहानथोर त्याच्यामागे असतात. रोस्विथाने त्या दिवशी बटण फिरवले, पण त्याच्या चेहऱ्यावर काही चांगले वर्ष दिसत नव्हते. त्याने माझे दार उघडले, आतून बोट फिरवले आणि नाकाला लावले.

"गिडी, याला काय पाजतोयस?"

"ढलप्याच आहेत."

"ढलप्या कसल्या, सूप आहे हे." त्याने बोट पुसले. "बंद कर. आणखी आठवडाभर असाच चालवलास तर विटा फुटतील. आणि धुराड्यातलं डांबर एकदा पेटलं की मग छप्पर गरम होईल, घर नाही."

"कोरडं मिळालं तर?" रोस्विथाने विचारले.

"मिळालं तर नळ्या मी घासून देतो, काम नसलं माझं तरी. पण कुठं मिळणार, एगरीणबाई? झाडं सगळ्यांचीच पडली, आणि वाळलेले ओंडके वर बर्फाखाली गाडलेत. या खोऱ्यातले तीन बॉयलर बंद करून आलोय मी."

हे बोलताना त्याची नजर खिडकीतून बाहेर गेली. तिथे दक्षिणेची भिंत होती. भिंतीशी बर्फाची टोपी घातलेल्या काश्परच्या थप्प्या होत्या, ओळीमागे ओळ, काही तर माझ्याहून जुन्या. गिडीनेही पाहिले. मग दोघांनी मान खाली घातली.

रोस्विथाला ते कळले. ती हळू आवाजात म्हणाली, "त्या लाकडाचं नावसुद्धा काढायचं नाही. कागदावरचा वाटा आहे तो त्यांचा. म्हाताऱ्या माणसाच्या पानातलं उचलायचं का आपण?"

गिडीने मला बंद केले. विझणे कसे असते ते कसे सांगू? आधी ज्योत जाते, मग निखाऱ्यांचा लाल रंग, मग विटांची ऊब. सगळ्यात शेवटी आवाज जातो. पाइप फुटू नयेत म्हणून गिडीने पाणीही काढून घेतले. आठ वर्षांत पहिल्यांदा मी नुसते लोखंड झालो.

पुढचे तीन दिवस मी पाहिले नाहीत, पण रोस्विथाने मला ते इतक्या वेळा सांगितले आहेत की पाहिल्यासारखेच आहेत. एगरांच्या घरात ग्लासातले पाणी गोठायला लागले. मग गिडी, रोस्विथा आणि त्यांची बारा वर्षांची मुलगी बुर्गी अंगण ओलांडून काश्परच्या त्या चार पावलांच्या खोलीत गेली. त्याने दार उघडले आणि तिघांकडे बघून म्हणाला, "तुमच्या नावाचं माझ्या कागदावर काही नाही. पण या, बसा."

तीन दिवस तो घरचा धनी होता. शेगडीजवळची बाकडी त्याने बुर्गीला दिली. फळीवर डुकराच्या मांडीचे पातळ काप केले, राय नावाच्या धान्याची भाकरी कापली, सफरचंदाची जुनी दारू काढली. बुर्गीला शेगडी कशी लावायची ते शिकवले. रोस्विथा म्हणते, तो इतका खुशीत तिला कधीच दिसला नव्हता. खाली जमिनीवर गाद्या टाकलेल्या, वर दोरीवर पायमोजे वाळत घातलेले, आणि मधे म्हातारा सगळ्यांना सारखा म्हणतोय, "घ्या, घ्या."

पण एक गोष्ट त्याला खटकली. तो शेगडीत तीन लाकडे घालायचा, आणि रोस्विथाची पाळी आली की ती एकच घालायची. तिसऱ्या दिवशी त्याने विचारले, "हात आखडता का घेतेस, पोरी?"

"तुमचं आहे, बाबा. आधीच चार माणसांसाठी जाळतोय."

"थंडीनं ओठ निळे झालेत तुझे."

"होऊ देत. पण उद्या तुम्हाला कमी पडलं तर मला झोप लागणार नाही."

काश्परने स्वतः उठून शेगडीत आणखी दोन लाकडे घातली. आठ वर्षे त्याला वाटत होते की या सुनेला आपले लाकूड नकोसे झाले आहे. त्या लाकडाची राखण तीच करत होती हे त्याला आत्ता दिसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या खोलीच्या भिंतीपलीकडून मला एक आवाज आला. थंडगार लोखंडालाही ऐकू येते, मित्रांनो. टण्ण. पुन्हा एकदा, टण्ण. काश्पर सगळ्यात मागच्या ओळीतले तुकडे काढून आपटत होता. मग त्याची हाक आली.

"गिडी! यंत्र कोणाकडे आहे?"

"लेनरकडे. थंडीमुळं त्यांच्या शेडमध्ये नुसतं उभं आहे."

"ट्रॅक्टर चालू होतोय ना तुझा?"

"होतोय. का?"

"मग उभा काय राहिलास?"

रोस्विथा धावत बाहेर आली. "बाबा, नाही. ते तुमचं आहे."

"माझं आहे म्हणूनच सांगतोय. दुसऱ्याचं असतं तर विचारावं लागलं असतं."

गिडीला कोठीतला ओला माल उपसून बाहेर टाकायला दीड दिवस लागला. सेव्हरिनने बोलल्याप्रमाणे येऊन माझ्या नळ्या खरवडल्या आणि डांबराच्या दोन बादल्या भरून काढल्या. मग यंत्र आले. ते सुरू झाले तेव्हा काश्पर पाठ करून बसला होता. पहिला तुकडा आत गेल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने तो उठला, हातमोजे चढवले आणि यंत्रापाशी येऊन उभा राहिला. लाकडे फेकू देईना. बुर्गीने एकेक तुकडा त्याच्या हातात द्यायचा आणि त्याने तो ठेवायचा. काही तुकडे त्याने क्षणभर हातात धरून ठेवले. कोणत्या वर्षाचे कोणते झाड, हे त्याला आठवत असणार.

मग ते माझ्यापर्यंत पोचले. मित्रांनो, वीस वीस वर्षे वाळलेले बीचचे लाकूड! मी जन्मात तसे काही खाल्ले नव्हते. त्यात ना वाफ होती ना कुरकुर. ज्योत अशी स्वच्छ लागली की सेव्हरिन दार बंद करायचे विसरून बघत बसला. जेवणवेळेपर्यंत गिडीने परत भरलेले पाणी तापले आणि घराच्या खिडक्यांवरचे बर्फ विरघळून खाली गळू लागले.

घर तर गरम झाले, पण दक्षिणेची भिंत उघडी पडली. तिला टेकून आता कशीबशी एक थप्पी उरली होती, म्हणजे शेगडीपुरते तीन महिन्यांचे लाकूड. गिडी आत गेला आणि मोठा पाना घेऊन बाहेर आला. तो बापाच्या खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. खिडकीखाली दगड होता, दगडावर पाखरांच्या दाण्यांची पेटी. गिडी नुसता उभा राहिला, हात लावायचे धाडस त्याला होईना.

दार उघडले. काश्पर बाहेर आला, त्याने पान्याकडे पाहिले, मग मुलाकडे.

"थांब. पेटी मी उचलतो," तो म्हणाला. "तू दाणे सांडशील."

त्या संध्याकाळी परतीच्या पाण्यात एक नवा गारवा मिसळून आला. इतकासाच होता, चार पावलांच्या खोलीएवढा. मी तो ओळखला आणि हळूहळू तापवून परत पाठवला. आठ वर्षे त्या दाराशी ताटकळत उभा होतो. मला किती आनंद झाला ते शब्दांत सांगता येत नाही, कारण माझ्याकडे शब्द नाहीत, फक्त पाणी आहे.

वसंतात गिडीने काश्परच्या सहा थप्प्या नेहमीप्रमाणे आणून टाकल्या. तेव्हा काश्परने रविवारचा कोट चढवला, दोघांना समोर बसवले आणि सांगितले की त्या सहा थप्प्या यापुढेही दर वर्षी आल्याच पाहिजेत. दक्षिण भिंतीशीच रचायच्या, निदान दोन उन्हाळे वाळवायच्या, आणि त्या बॉयलरच्या.

"बाबा, कागदावर यंत्राचं नाव चढत नाही," गिडी म्हणाला.

"मग माझंच राहू दे. मी त्याला देईन."

त्यानंतर तो रोज सकाळी माझ्या खोलीत यायचा. त्याने तीन पायांचे एक स्टूल आणून ठेवले. माझ्या अंगाला हात लावून बसायचा, चिलीम पेटवायचा, कोठीतल्या ढलप्या मुठीत घेऊन हुंगायचा. पटले नाही तर गिडीला बोलावणे जायचे. पुढच्या जानेवारीच्या पाचव्या दिवशी तो स्वतःच तवा घेऊन माझ्यासमोर आला, दार उघडले आणि म्हणाला, "काय मोठे जावई, देणार का निखारे?" मी त्याला तवाभर दिले. तो ऊद टाकून आधी माझ्याभोवती फिरला, मग घराकडे गेला.

आणखी चौदा वर्षे तो जगला. त्र्याण्णव वर्षांचा होऊन एका मार्चमध्ये गेला, स्वतःच्या खोलीत, स्वतःच्या पलंगावर. त्या सकाळी रोस्विथा माझ्याकडे आली आणि त्या उलट्या बादलीवर बसली. मग म्हणाली, "मी गेले तेव्हा हात गरम होते त्यांचे."

कागदाप्रमाणे काश्परबरोबर त्याचा वाटाही संपला. तरी रोस्विथाने त्या वर्षी थप्प्या रचल्या आणि पुढच्या वर्षीही. त्या काश्परच्या थप्प्यांइतक्या सरळ होत नाहीत, हे ती स्वतःच सांगते.

या शरद ऋतूत घर पुन्हा नव्या हाती गेले. आता बुर्गी एगरीण आहे, आणि गिडी-रोस्विथा अंगणापलीकडच्या लहान घरात राहायला गेली. करार करायच्या दिवशी काय झाले ते बुर्गी राख काढताना मला हसत हसत सांगत होती. दूध, अंडी, बटाटे सगळे लिहून झाले. मग रोस्विथा म्हणाली, "आणि बीचच्या सहा थप्प्या, दक्षिण भिंतीशी."

"आई, तुला कशाला लाकूड? तुझ्या खोलीत पाइप आहे."

"मला नको. त्याला."

कागद लिहिणाऱ्या साहेबांनी चष्मा वर केला. "त्याला म्हणजे कोणाला?"

"कोठारातल्याला," रोस्विथा म्हणाली. "आणि त्याच्यानंतर त्या जागी जो येईल, त्याला."

साहेबांनी थोडा विचार केला आणि लिहिले.

म्हणजे माझ्यानंतर कोणीतरी येणार, हे आता कागदावर आहे. मला त्याचे वाईट वाटले नाही. माझ्या विटा दोनदा बदलल्या, एक सांधा आताशा झिरपतो. एकशे तेरा अजून घट्ट आहेत, पण किती वर्षे राहतील? जो येईल तो नवा असेल, ऐटीत असेल, दगड पचवीन म्हणेल. त्याच्यासाठी भिंतीशी वाळलेले लाकूड थांबलेले असेल, एवढे मला पुरे आहे.

मित्रांनो, तुमच्याकडे माझ्यासारखा बॉयलर नसेल, पण तुमच्यासाठी राबणारे कोणी ना कोणी असेलच, यंत्र असो की माणूस. तो काहीही खपवून घेतो असे म्हणून त्याच्यापुढे काहीही टाकू नका. आणि घरातले म्हातारे माणूस जेव्हा "अजून झाडच आहे" म्हणेल, तेव्हा पाळी चुकली तरी चालेल, पण त्याचे ऐका.

परवा बुर्गी थप्पीपाशी गेली होती. तिने दोन तुकडे काढले, कोणी बघत नाही ना ते पाहिले आणि आपटले. टण्ण वाजले. मग ती कोणाला न सांगता ते परत जागेवर ठेवून, वरचा एक तुकडा सरळ करून आत गेली.

आता मला कामाला लागले पाहिजे. परतीचे पाणी गार येते आहे. लहान घराची खिडकी कोणीतरी उघडी टाकली आहे, आणि गिडी काही गप्पा मारणाऱ्यांतला नव्हे. ही रोस्विथाच असणार.